उत्तर कोणी दिलं

माधवी दामलेला चिठ्ठ्यांचा मनस्वी राग होता. भिवंडीत दहा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलेल्या कोणालाही तो असायचाच. डॉक्टर चिठ्ठीवर लिहिणार, 'कंबर, शेक, दहा दिवस' आणि हिनं दहा दिवस कंबरेला शेक द्यायचा. दुखणं खरं तर खुब्यातून येतंय हे पहिल्याच दिवशी हाताला कळलं, तरी तोंड उघडायची सोय नाही. एकदा तिनं उघडलं होतं. तेव्हा बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांनी रोग्याच्या देखत सुनावलं, "बाई, तुम्ही मशीन लावा. निदान करायला आम्ही बसलोय ना." ते वाक्य तिनं सात वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. काही माणसं अपमान विसरतात आणि सुखानं जगतात. माधवी त्यांतली नव्हती.

म्हणून २००७ साली मुंबईतल्या एका कॉलेजानं आणि एका ट्रस्टनं मिळून फिजिओथेरपिस्टांसाठी वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला, तेव्हा पहिला अर्ज हिचा गेला. कल्पना साधी होती. गावातल्या दवाखान्यात कंबर, मान, गुडघा धरून येणारा माणूस डॉक्टरांच्या आधी थेट फिजिओथेरपिस्टकडे जाणार. पहिली तपासणी तिनंच करायची, काय झालंय ते तिनंच ठरवायचं, आणि जे आपल्या हातातलं नाही ते ओळखून त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात धाडायचं. शनिवार-रविवार मुंबईत वर्ग, बाकीचे दिवस राहनाळच्या पुढं, गोदामांच्या मागच्या अंगाला ट्रस्टनं उघडलेल्या दवाखान्यात काम. परीक्षा पास झाली की तिथंच कायमची नेमणूक. कोणाची चिठ्ठी नाही की कोणाची हांजी-हांजी नाही.

"छत्तिसाव्या वर्षी दप्तर पाठीला लावून निघालीस," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे तिचे वडील, नगरपालिकेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. लेकीचं लग्न जमवायचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता, थट्टेचा मात्र नाही. "डबा देऊ का करून?" वर असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार घरी सांगून आले, की आमची माधवी आता स्वतः पेशंट तपासणार.

अभ्यासक्रम चालवायचे ते कर्णिक सर. स्वतः फिजिओथेरपिस्ट, साठीचे, बोलायला कमी, आणि चूक दिसली की चष्मा काढून पुसत बसायची सवय. त्यांनी तपासणीचा एक कागद छापून घेतला होता. त्यावर धोक्याच्या खुणांचे प्रश्न होते. रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी गाठ काढलीय का. सगळ्यांत खाली, जाड अक्षरात, कंबरदुखीसाठीचा प्रश्न होता: लघवी-संडासवरचा ताबा गेलाय का, आणि बसायची जागा बधिर झालीय का. कंबरेची चकती सरकून खालच्या शिरांचा जुडगा दाबला गेला की हे होतं. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर माणूस वाचतो म्हणजे चालतो, फिरतो, कपडे कोरडे राहतात. उशीर झाला की गेलं ते गेलं.

"खोगीर लागतं तो भाग," असं पुस्तकात लिहिलेलं होतं. भिवंडी तालुक्यात घोड्यावर कोण बसतंय! माधवीनं तो प्रश्न स्वतःच बदलून घेतला, 'पाटावर बसलात तर पाट जाणवतो का?' कर्णिक सरांनी तो ऐकला आणि सगळ्या वर्गाला लिहून घ्यायला लावला. त्या दिवशी माधवी मुंबईहून घरी आली ती तरंगतच.

त्याच कागदाच्या उजव्या कडेला सरांनी एक रकाना हातानं आखला होता: 'उत्तर कोणी दिलं? रुग्ण / नातेवाईक.' त्यांचा नियमही ठरलेला होता. शेवटचा प्रश्न विचारायच्या आधी पडद्याच्या आत रोगी आणि तुम्ही, तिसरं कोणी नाही. "नातेवाइकाच्या तोंडून आलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे," ते म्हणायचे.

माधवीला हे पटत होतं आणि पटत नव्हतं. सरांनी आयुष्य काढलं मुंबईत. इथल्या गावात बाई दवाखान्यात येते ती नवऱ्याबरोबर, मुलाबरोबर नाहीतर सासूबरोबर, आणि बोलतं ते बरोबरचं माणूस. त्यात वाईट काही नसतं, काळजीच असते. सुरुवातीला तिनं एका सासूला पडद्याबाहेर जायला सांगितलं. "आसा काय गुपित हाय आमच्यात?" असं विचारून सासू जी सुनेला घेऊन गेली ती परत फिरकली नाही. आठवडाभर तिच्या आळीतलं दुसरंही कोणी आलं नाही. मग सर हजर असले की नियम, आणि सर मुंबईत असले की गावची रीत, असं माधवीनं स्वतःशीच ठरवून टाकलं. रकान्यात मात्र ती नेहमी 'रुग्ण'वर खूण करायची. 'नातेवाईक' लिहिलेले कागद सर परत पाठवायचे, आणि परीक्षेआधी शंभर कागद पुरे व्हायला हवे होते. मला इथली माणसं माहीत आहेत, असं ती मनाशी म्हणायची. या एका वाक्याचा तिला केवढा आधार होता!

२००८च्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दिघाशीहून धोंडूबाई आल्या. बरोबर मुलगा, हितेश. धोंडूबाई साठी ओलांडलेल्या, अंगानं काटक, आणि पंचक्रोशीत नाव असलेल्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले म्हणजे विधींची गाणी म्हणायची, कोणता विधी कधी ते सांगायचं, हे धवलारणीचं काम. ती नसली तर मांडवात पाचशे माणसं असूनही मांडव सुना. धोंडूबाईंची तारीख धरून लोक लग्नाची तारीख ठरवायचे. मांडवात बसायचं म्हणजे अंगानं, कपड्यानं शुद्ध असावं लागतं, आणि त्या बाबतीत त्या भलत्या कडक होत्या.

हितेश नऊ वर्षांचा असताना बाप गेलेला. आईनं पेंढ्याचे भारे वाहून, खाडीत मासळी पकडून त्याला वाढवलं. पुढं जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं येऊ लागलं, गळ्यात जाड साखळी आणि दारात गाडी आली, पण पोरगा बदलला नाही. आईला शिंक आली तरी तो गाडी काढायचा. असा मुलगा असणं हे भाग्यच, आणि दवाखान्यातल्या सगळ्या बायका त्याच्याकडे त्याच नजरेनं बघत होत्या.

"कवापासून दुखतंय, मावशी?" माधवीनं विचारलं. गावच्या माणसांशी ती मुद्दाम त्यांच्या वळणानं बोलायची.

"दोन म्हयनं झालं, मॅडम," हितेश म्हणाला. "रविवारी पान्याचा पिंप सरकवला आन् जादाच धरली."

धोंडूबाई टेबलावर पालथ्या निजल्या. माधवीनं पाठ चाचपली, पाय उचलून बघितले, तळव्यांवर बोट फिरवलं. दोन्ही पायांना मुंग्या होत्या. एका पायाला असत्या तर रोजचीच गोष्ट. दोन्हींना म्हटल्यावर तिच्या मनात घंटा वाजली. वाजली हे खरं, ते तिला पुढं कधीच नाकारता आलं नाही. पडद्याबाहेर अकरा माणसं बसली होती. पडद्याच्या आत, आईच्या पायाशी, हितेश उभा होता. त्याला बाहेर जा म्हणायचं म्हणजे कसं म्हणायचं? इतका करणारा मुलगा. तिनं कागदावरची नजर न उचलता, घाईघाईनं, जणू हवेलाच विचारलं, "लघवी-संडासची काही तक्रार? बसायच्या जागी बधिरपणा?"

"न्हाय न्हाय," हितेश म्हणाला. "तसला कायच न्हाय. निस्ती कंबर धरलेय. बेस्तरवारी कोन गावात हलद हाय, तवर बसती झाली पायजे."

धोंडूबाईंचं तोंड उशीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. माधवीनं 'नाही'वर खूण केली, रकान्यात 'रुग्ण'वर खूण केली, गरम पाण्यानं शेकायला सांगितलं, वाकू नका म्हणाली, आणि तीन दिवसांनी या असं सांगून पडदा सारला. हितेश गाडी दाराशी आणायला पुढं गेला; धोंडूबाईंना लुगडं सावरून बाहेर यायला थोडा वेळ लागला. पाटाचा प्रश्न तिनं विचारलाच नाही. तो ज्याच्यासाठी तिनं स्वतः घडवला होता ते माणूस समोर निजलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी हितेशचा फोन आला. "मॅडम, आयेचं पाय उठत न्हाईत. काल रातभर हलदीला गायली, आन् आता उठत न्हाईत."

माधवी दिघाशीला पोचली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. या वेळी तिला कोणाचा संकोच वाटला नाही. दार लावलं आणि धोंडूबाईंच्या कानाशी बसून तिनं विचारलं. लुगड्याच्या आत जुन्या धोतराच्या चिंध्यांच्या घड्या होत्या, ओल्याचिंब. रविवारपासून ताबा नव्हता. बसल्याचं कळत नव्हतं. कोन गावच्या मांडवात त्या चार घड्या बांधून बसल्या आणि पहाटेपर्यंत गायल्या.  तिनं स्वतः धोंडूबाईंना उचलायला हात लावला, गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं, आणि मुंबईच्या इस्पितळापर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत हितेश गाडी चालवता चालवता सारखं एकच विचारत होता, बरी होईल ना. ती हो म्हणत होती.

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सर्जननं वॉर्डात, धोंडूबाईंच्या खाटेजवळ येऊन सांगितलं, शिरा मोकळ्या केल्यात, पाय थोडेफार येतील, बाकीचं येईल असं वाटत नाही. सोमवारी आणलं असतं तर गोष्ट वेगळी असती. हितेश भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला.

मंगळवारी कर्णिक सर वॉर्डात आले. हातात धोंडूबाईंचा सोमवारचा तपासणीचा कागद होता. सरांनी खुर्ची ओढली, धोंडूबाईंच्या उशाशी बसले आणि अगदी हळू विचारलं, "ताई, सोमवारी आमच्या बाईंनी तुम्हाला लघवीबद्दल विचारलं होतं का?"

माधवी पलंगाच्या पायथ्याशी होती. तिला वाटलं, आता संपलं. मनात कुठंतरी ते संपावं असंही वाटत होतं.

"इचारला व्हता," धोंडूबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता पण शब्द स्पष्ट. "ह्यो गाडी आनाया गेला तवा मना बाजूला घेऊन इचारला बायनी. मीच न्हाय म्हटला. हलद चुकली आसती ना माजी."

पलीकडे उभा असलेला हितेश आईकडे बघतच राहिला. मग ओरडला. वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला. "तुला इचारला व्हता? आन् तू न्हाय म्हटलास? एका हलदीपायी?" नर्सनं त्याला बाहेर नेलं. धोंडूबाईंनी डोळे मिटून घेतले.

सरांनी चष्मा काढला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला, माधवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. एवढ्यावरही माणूस लपवतो, त्याला इलाज नाही."

खरं सांगायचं तर माधवीला हायसं वाटलं.  म्हातारी चुकून बोलली असेल, गुंगीत असेल, किंवा तिनं मला वाचवलं असेल. वाचवलं, हेच तिला जास्त बरं वाटलं. गाडीभर डोकं मांडीवर घेतलं होतं, म्हणून म्हातारीला माया आली, असं तिनं ठरवलं. लाज वाटायला दोन दिवस लागले, पण मग ती लाज मुक्कामालाच आली.

तात्यांना तिनं अर्धीच गोष्ट सांगितली. "बाईंनी स्वतःच कबूल केलंय ना?" तात्या म्हणाले. "मग तू का जिवाला लावून घेतेस? पोळी खा." तिनं पोळी खाल्ली. त्यापुढचे तीन महिने ती दवाखान्यात प्रत्येक माणसाला पडद्याबाहेर काढत होती, भांडण झालं तरी काढत होती. त्यानं धोंडूबाईंचं गेलेलं काहीच परत येणार नव्हतं.

मेच्या अखेरीस तोंडी परीक्षा झाली. कर्णिक सरांचा आग्रह असा, की प्रत्येकानं आपली एक बिघडलेली केस मांडायची. माधवीकडे दुसरी बिघडलेली केस नव्हती. समोर सर, एक हाडांचे सर्जन आणि ट्रस्टच्या एक बाई. हे सर्जन मुळापासून या अभ्यासक्रमाच्या विरुद्ध होते आणि ते लपवतही नव्हते. फिजिओथेरपिस्टनं पहिली तपासणी करायची तर एक दिवस माणूस मरेल, असं त्यांनी मीटिंगमध्ये म्हटल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी धोंडूबाईंचा कागद उलटसुलट करून बघितला.

"दोन्ही पायांना मुंग्या नोंदवल्यात. प्रश्न विचारलाय. उत्तर नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "हे उत्तर कोणी दिलं?"

 'मुलानं,' एवढा एक शब्द. तो म्हटला की सर्जनांना हवं ते मिळणार, अभ्यासक्रम बुडणार, वर्गातल्या बाकीच्या आठ जणांचं वर्ष पाण्यात जाणार. ही सगळी कारणं खरी होती. पण तिच्या मनात त्या क्षणी फक्त बाजारपेठेतले ते डॉक्टर होते आणि ते म्हणत होते, बाई, तुम्ही मशीन लावा.

"रुग्णानं," ती म्हणाली.

सर्जनांनी मान डोलावली. नाइलाजानं का होईना, डोलावली. "मग मीही वेगळं काही केलं नसतं," ते म्हणाले. कर्णिक सरांचा चेहरा उजळला. पुढच्या तुकडीला हाच कागद नमुना म्हणून दाखवणार, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. माधवी पहिल्या वर्गात पास झाली. आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. तात्यांनी पेढे वाटले, आणि एक पेढा त्यांनी तिच्या तोंडात कोंबला तेव्हा तिला रडू फुटलं. तात्यांना वाटलं, आनंदाचं.

त्यानंतर मात्र तिला राहवेना. पत्र पर्समध्ये टाकून ती एका दुपारी दिघाशीला गेली. ठरवून गेली होती: म्हातारीची क्षमा मागायची, हितेशला खरं सांगायचं, मग मुंबईला जाऊन सरांनाही. आईला उगाच बोल लावू नकोस, तिला कोणी विचारलंच नव्हतं, एवढं तरी त्या घरात कळायलाच हवं. नोकरी गेली तर गेली, असं ती रिक्षात स्वतःला बजावत होती, आणि पहिल्यांदाच तिला ते जमेल असं वाटत होतं.

घर नवं, दुमजली, फरशीचं. धोंडूबाई पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. शेजारी चालायचा वॉकर होता आणि खाटेच्या दांडीला लघवीची पिशवी लटकत होती. गल्लीच्या टोकाला कोणाची तरी हळद होती, आणि कर्ण्यावरून दुसऱ्याच कुठल्या बाईचे धवले ऐकू येत होते. धोंडूबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"ये, बाय," त्या म्हणाल्या. "वालली गो किती तू."

माधवी खाटेच्या कडेला बसली. घरात दुसरं कोणी नव्हतं. हितेश दूध आणायला गेला होता. आता नाही तर कधीच नाही, म्हणून तिनं दमच न घेता सांगून टाकलं. "मावशी, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. बाजूला घेतलं नव्हतं. हितेश म्हणाला नाही, आणि मी तुमचं नाव लिहिलं. चूक माझी आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, पण मला आता ते—"

"तुज्यासाठी?" धोंडूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुज्यासाठी कशाला बोलीन गो मी? तू माजी कोन?"

माधवीनं पर्स मांडीवर ओढली.

"माजा तोंड उशीत व्हता, पन कान उघडं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू इचारलास, आन् ह्यो म्हटला न्हाय. मी म्हटला, लेकासमोर आता काय सांगू, सांजचा बघू. मंग हलद आली." त्यांनी पदर सावरला. "तो डॉक्टर बोलला ना, सोमवारी आनली आसती त बरी झाली आसती. तवा ह्यो भिंतीशी बसला. मना जागंवरून दिसत व्हता. तवाच मी ठरवला. ह्याला कलला, का त्याच्या 'न्हाय'नं आयेचा आसा झाला, त ह्यो जगल का?"

"पण तो तुम्हाला बोलतो, मावशी. सगळ्या गावात सांगतो, आईनं हट्ट केला म्हणून."

"बोलू दे. माज्यावर राग हाय तवर त्याचा जीव जागंवर हाय." त्यांनी माधवीचा हात धरला. पकड अजून घट्ट होती. "तुला काय सांगायचा हाय ता तुज्या सायबाला सांग, नको सांगू, तुजा तू बघ. पन सायबाला सांगलास त कागूद हालंल, आन् कागूद हालला त ह्यो इचारायला येईल. माज्या घरात नको, बाय."

 माधवीला क्षमा हवी होती, निदान शिव्या तरी. इथं तिचा हिशेबच नव्हता. तीन महिने आपल्यावरच्या मायेचं ओझं म्हणून जे वाहिलं, त्यात आपण कुठंच नव्हतो. आपलं खोटं या म्हातारीच्या खोट्याच्या आडोशाला उभं होतं, आणि ते काढलं तर तिचं कोसळणार होतं. 

हितेश दुधाची पिशवी घेऊन आत आला. माधवीला पाहून त्याला बरं वाटलं. पास झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. "अभिनंदन, मॅडम," म्हणाला, आणि चहा टाकायला वळता वळता त्याची नजर आईकडे गेली, खाटेच्या दांडीवरच्या पिशवीकडे गेली. चेहरा उतरला.

"बघ आये," तो म्हणाला. "ह्यांनी तुला बाजूला घेऊन, तोंडावर इचारला व्हता. एक सबूद बोलली आसतीस, त आज त्या मांडवात तू आसतीस. हाय का न्हाय?"

"हाय, बाबा," धोंडूबाई म्हणाल्या. "माजाच चुकला."

"तुमीच सांगा, मॅडम," हितेश म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "तुमी इचारला व्हता ना तिला?"

धोंडूबाईंची पकड सुटली नव्हती. माधवीनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"विचारलं होतं," ती म्हणाली.

हितेशनं मान हलवली, बाह्या वर केल्या, आणि आईची पिशवी बदलायला खाटेशी खाली बसला.